एलिझा हॉर्टन नावाची बाई कधीच नव्हती

आक्का,

ही गोष्ट सांगायची मी इतकी वर्षं टाळली की टाळण्याचंच वळण पडलं. विषय जवळ आला की मी पेपर उघडायचो, नाहीतर खिडकी लावायला उठायचो. मध्यंतरी दादरच्या हॉलमध्ये माणसांसमोर अर्धी सांगितली. तू समोरच होतीस. त्या अर्ध्या गोष्टीला टाळ्या पडल्या, तू पदराने डोळे पुसलेस, आणि मला वाटलं, झालं, सुटलो.

परवा तुझं तेरावं झालं. पंगत उठल्यावर माझी सून रेवती म्हणाली, "बाबा, आत्यांच्या गोधड्यांची पुस्तिका छापायला जातेय. पहिलं पान तुम्ही लिहा. चार ओळी पुरे."

चार ओळींत हे मावायचं नाही. रेवतीला वाटतंय मी तुझं कौतुक लिहीन. ते लिहीनच, पोटभर लिहीन. पण त्या आधी जे घडलं ते घडलं तसं लिहितो. तुला ठाऊक असलेलंही पुन्हा लिहितो, कारण पुस्तिका हातात घेणाऱ्यांना तू कोण हे कुठून कळणार?

दहावी झाल्यावर तूच मला गावाहून लालबागला आणलंस. तुझी ती चाळीतली एक खोली. भावजी गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला. गिरणीच्या दुकानात खराब कापडाचे तुकडे वजनावर मिळायचे, ते भावजी पिशवी भरून आणायचे, आणि दुपारची भांडी झाली की तू गॅलरीत पाय पसरून बसायचीस. समोर जुनं लुगडं अंथरलेलं, त्यावर तुकडे मांडायचे, उचलायचे, पुन्हा मांडायचे. मग कडेने सुरुवात करून धावदोरा घालत घालत आत यायचं. मध्यावर पोचलीस की थांबायचीस. डब्यातले चार दाणे तांदूळ आणायचे, मधोमध ठेवायचे, आणि त्यावर शेवटचा तुकडा शिवायचा. आपल्या आईची रीत. गोधडीचं पोट रिकामं ठेवायचं नाही. सुईखाली दाणे सरकायचे, त्यामुळे तो मधला तुकडा कायम तिरका यायचा. तू म्हणायचीस, "भरल्या पोटाचा माणूस सरळ बसता काय कधी?"

तुझ्या नमुन्यांना तूच नावं दिली होतीस. एकाचं नाव 'चाळीचा जिना'. दुसऱ्याचं 'नळावरची रांग', त्यात एक तुकडा मुद्दाम रांग मोडून पुढे घुसलेला. "ही कोण ता माका ठाऊक आसा, पण नाव घेणार नाय," म्हणायचीस, आणि आख्खी गॅलरी हसायची. कारण सगळ्यांना ठाऊक होतं.

माझ्या अंगावर 'चाळीचा जिना' असायची. ती घेऊन मी झोपायचो, आणि सकाळी तूच इस्त्री केलेला पांढरा शर्ट घालून गिरगावातल्या छापखान्यात नोकरीला जायचो. चित्रकलेच्या क्लासला मला तूच घातलं होतंस. त्या जोरावर तिथल्या एका मासिकात शिवण-विणकामाच्या पानांच्या आकृत्या काढायचं काम मिळालं. संपादकांना सगळे नाना म्हणत. फोर्टातल्या फुटपाथवर बोटीवरून आलेली परदेशी मासिकं मिळत, त्यांत गोधड्यांना वाहिलेली मासिकंही असत. त्यातला एक नमुना निवडून मी आलेख कागदावर उतरवायचा, शाईने पक्का करायचा, मग त्याचा छपाईचा ब्लॉक बनायचा. 'परदेशी गोधडी' असं त्या पानाचं नाव. मुंबईतल्या, पुण्यातल्या बायका ते पान कापून ठेवत.

एका महिन्यात फुटपाथवरच्या त्या रद्दीवाल्याकडे नुसती मोटारींची मासिकं निघाली. पान तर द्यायचं होतं. रविवारी दुपारी तू आणि भावजी कलंडला होतात. मी माझी गोधडी उलगडली, आणि तुझा जिना कागदावर उतरवला. मधला तिरका तुकडाही जसाच्या तसा काढला. तिथे तांदूळ असतात हे कागदावर कसं दाखवणार, आणि कशाला, असा विचार मनात येऊन गेल्याचं आठवतं.

सोमवारी नानांनी कागद हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला.

"अरे वा! हे नेहमीचं नाही. कुठल्या मासिकातलं?"

मी शाईच्या बाटलीला बूच लावू लागलो.

"मला तर हे आपल्याकडचं वाटतंय. घरातल्या कोणाचं आहे का? असेल तर सांग, संकोच करू नकोस. बाईंचं नाव टाकू. पुढच्या अंकात फोटो छापू, दोन शब्द लिहू."

शेजारच्या टेबलावरचे दोघे मुद्रितं तपासायचे थांबले होते. माझ्याकडे बघत होते. त्या दोघांना मी 'परळ बाजूला' राहतो एवढंच माहीत होतं. चाळ हा शब्द मी तिथे कधी उच्चारला नव्हता. आपल्या घरात बोलतो तसं तिथे बोलत नव्हतो. आणि माझी बहीण गिरणीतल्या चिंध्या जोडून अंथरूण-पांघरूण शिवते, हे त्या दोघांसमोर माझ्या तोंडातून निघेना.

"नाही नाना," मी म्हणालो, "परदेशीच आहे. एलिझा हॉर्टन म्हणून बाई आहे."

एलिझा हे नाव एका साबणाच्या जाहिरातीतलं. हॉर्टन दोऱ्याच्या रिळावरचं. दोन्ही माझ्या टेबलावरच होती.

"असं?" नाना म्हणाले. त्यांचा चेहरा थोडा पडला. "मला वाटलं..." आणि त्यांनी कागद ब्लॉकला पाठवला. 'चाळीचा जिना' छापून आला 'राजवाड्याच्या पायऱ्या' या नावाने. ते नावही माझंच.

अंक मी घरी आणणार नव्हतो. पण तुला चित्रं बघायला आवडायचं, दर महिन्याला वाट बघायचीस, आणि पिशवीतून तूच काढून घेतलास. पान उघडलंस आणि ओरडलीस, "अंता! ही तर माझी!"

त्या क्षणी खरं सांगणं किती सोपं होतं! तू रागावली असतीस, मग हसली असतीस, मग चाळभर अंक फिरवला असतास. पण मी म्हणालो, "नाही गं आक्का. परदेशातल्या एका बाईची आहे. तिकडेही असंच शिवतात."

तू पानावर बोट फिरवलंस. मध्यावर आलीस, त्या तिरक्या तुकड्यापाशी थांबलीस. मला वाटलं, आता पकडणार. तू वर बघितलंस तर चेहरा उजळलेला.

"म्हणजे तिकडे पण एक माझ्यासारखी आसा?"

मग तू गॅलरीत जाऊन सगळ्यांना ते पान दाखवलंस. "बघा, गोऱ्या बायकांचा डोका पण माझ्यासारखाच चलता!" आणि तुला त्यात केवढा अभिमान होता. स्वतःचा नव्हे. तिचा.

पुढे वाचकांनी एलिझा हॉर्टनचे आणखी नमुने मागितले, आणि मी ते देत गेलो. 'नळावरची रांग' झाली 'हंसमाला'. 'वाळत घातलेले कपडे' झाले 'नौकांची शर्यत'. तुझ्या खोलीतून उचलायचं, गिरगावात नाव बदलायचं, आणि पुन्हा तुझ्याच हातात आणून द्यायचं. आणि तू तिच्याशी बोलायला लागलीस.

"काय म्हणता तुझी एलिझा ह्या महिन्यात?"

"हिच्या घरात टेबल असतला. नायतर कोपरे इतके सरळ येणार नायत."

"रंग काय असतील रे हिचे? तुमच्या मासिकात सगळा काळा-पांढरा."

"हिचो घोव काय करता?"

"तिच्या नवऱ्याचं मला काय माहीत, आक्का?"

"गिरणीतच असतलो. नायतर इतके तुकडे खंयसून येतले?"

तिच्याशी तुझी शर्यत लागायची. तिचा नमुना आला की त्याहून अवघड काहीतरी तू मांडायला बसायचीस, आणि तेच मी पुढे तिच्या नावावर छापायचो, मग तू कपाळावर हात मारायचीस. "हिने पण केलान! हट्टी आसा बाई." भावजी हसून म्हणायचे, "तुम्ही दोघी समोरासमोर राहत असता तर गॅलरीत रोज भांडणं." भावजी गेले तेव्हा तू बरेच दिवस सुई हातात घेतली नाहीस. मग एकदा मला म्हणालीस, "अंता, तिचो पण गेलो असतलो काय रे आता? तिला माझं कळवता येईल?" मी म्हणालो, तिचा पत्ता नाही. निदान एवढं तरी खरं होतं.

मासिक बंद पडलं. मी लग्न करून दादरला जागा घेतली होती. तुमची चाळ पाडून टॉवर उभा राहिला आणि तू चौदाव्या मजल्यावर राहायला गेलीस. "देवाच्या शेजारी आणून ठेवलान," म्हणायचीस. एलिझाचा विषय मागे पडला असं मी धरून चाललो.

मग रेवतीने माळा आवरायला काढला. मासिकाचे बांधीव अंक खाली आले. रेवती आणि तिच्या मैत्रिणी शिवाजी पार्कजवळ दर शनिवारी गोधड्या शिवायला जमतात. नव्या कल्पना सुचाव्यात म्हणून त्या जुनी मासिकं धुंडाळत असतात, रद्दीतून, ग्रंथालयांतून, कोणाच्या आजीच्या ट्रंकेतून. माझे अंक म्हणजे त्यांना घबाडच. पंधरा दिवस आमच्या जेवणाच्या टेबलावर तीच पानं पसरलेली असायची. आणि त्या सगळ्यांत त्यांना आवडली कोण? एलिझा हॉर्टन.

"बाबा, ही बाई ग्रेट आहे. पण नेटवर कुठेच सापडत नाही. तुम्हाला काही आठवतंय?"

"असेल कोणीतरी," मी म्हणालो आणि पेपर उघडला.

त्यांनी तिच्या सहा गोधड्या शिवल्या. रंग स्वतःच्या मनाने लावले. प्रदर्शन ठरलं. खाली छापील चिठ्ठ्या, 'मूळ रचना: एलिझा हॉर्टन'. रेवतीने तुलाही बोलावलं. "आत्या, तुम्ही पण शिवता ना? या बघायला. मजा येईल तुम्हाला." मी तुला नेणार नव्हतो. गुडघ्यांचं निमित्त पुढे केलं. तू फोनवर म्हणालीस, "एलिझाच्या गोधड्या रंगात बघूक मिळतत आणि मी घरात बसू?"

हॉल भरलेला. तू काठी टेकत शिरलीस आणि दारातच थांबलीस. समोरच्या भिंतीवर 'चाळीचा जिना' होती, निळ्या आणि हळदीच्या रंगात. तू माझा दंड धरलास. "अंता, काय केलान रे हिने!"

रेवती माइकवर बोलत होती. छान बोलते ती. म्हणाली, "एलिझाच्या प्रत्येक गोधडीत मध्यावर एक तुकडा तिरका असतो. आम्हाला वाटलं छपाईची चूक असेल. पण सगळ्यांत आहे. मग आमच्या वाचनात आलं, की परदेशात काही गोधडीवाल्या मुद्दाम एक चूक ठेवतात म्हणे. कारण परिपूर्ण फक्त देव. म्हणून आम्हीही तो तुकडा तसाच तिरका शिवला. तिच्या नम्रतेला आमचा नमस्कार."

लोक टाळ्या वाजवत होते. तू मात्र उठलीस, भिंतीपाशी गेलीस आणि त्या तिरक्या तुकड्यावर अंगठा दाबलास. मग दुसऱ्या गोधडीपाशी गेलीस. तिथेही दाबलास.

"अगे," तू रेवतीला हाक मारलीस, "हिचा पोट रिकामा आसा."

"काय, आत्या?"

"पोट! सगळ्यांची पोटा रिकामी. उपाशी गोधडी कोणाच्या अंगार घालूक नको." आणि तिथेच, माइकबिइक न घेता, तू सगळं सांगितलंस. आईची रीत. चार दाणे तांदूळ. ते सरकतात म्हणून तुकडा तिरका. नम्रता वगैरे काही नाही. "ह्यात देवाचो काय संबंध? भुकेचो आसा."

मग तू स्वतःच गोंधळलीस. माझ्याकडे वळलीस, आणि तुझ्या डोळ्यांत जे होतं ते मला अजून दिसतं. राग नव्हता. नवल होतं.

"पण अंता, ह्या मडमेक आमच्या आयेची रीत कोणी सांगितल्यान?"

आता खिडकी लावायला कुठे उठणार? मी उभा राहिलो. म्हणालो, "एलिझा हॉर्टन नावाची बाई कधीच नव्हती. ह्या सगळ्या गोधड्या माझ्या बहिणीच्या आहेत. शेवंती घाडी. लालबाग. मी त्या बघून काढल्या आणि खोटं नाव घातलं." आणि पुढे, आक्का, मी एक वाक्य जोडलं. "त्या काळी संपादकांना परदेशी नावच हवं असायचं."

ते वाक्य कोणी लक्षातही घेतलं नसेल. कारण तोवर टाळ्या पडू लागल्या होत्या, तू पदराने डोळे पुसत होतीस, आणि रेवतीने 'चाळीचा जिना'खालची चिठ्ठी उपटली होती आणि ती उलट्या बाजूवर स्केचपेनने तुझं नाव लिहीत होती. मग सगळ्या चिठ्ठ्या उपटल्या गेल्या. बायका तुझ्याभोवती. कोणी पाया पडतंय, कोणी फोटो काढतंय, कोणी विचारतंय, "आजी, हा एक तुकडा रांगेच्या बाहेर का?" आणि तू सांगतेस, "ती नळावर मधेच घुसायची." इतक्या वर्षांनी तू तिचं नावही घेतलंस. हॉल हसून कोसळला.

पण तू तेवढ्यावर थांबणार थोडीच! खुर्चीत बसलीस आणि हुकूम सोडलास. "उतरवा सगळ्या. मधली शिवण उसवा. पोटा भरल्याशिवाय मी हयसून हलणार नाय." एक जण समोरच्या वाण्याकडे धावली, पुडी घेऊन आली. तू पुडी उघडून बघितलीस.

"कोलम?"

"तोच होता आजी. चालेल ना?"

"चलता. भुकेक काय कोलम आणि काय उकडो तांदूळ."

चांगल्या शिकल्यासवरलेल्या, ऑफिसं चालवणाऱ्या बायका जमिनीवर मांडी घालून उसवत होत्या, दाणे ठेवत होत्या, पुन्हा शिवत होत्या. तू एकेकीच्या टाक्यावरून अंगठा फिरवत होतीस. "घट्ट नको. तिला श्वास घेऊदे." बघायला आलेले लोक जायचं विसरले. प्रदर्शनाची वेळ संपली, हॉलचा माणूस किल्ल्या वाजवत उभा राहिला, आणि शेवटी तोही एका गोधडीचं टोक धरून बसला. मी आयुष्यात पुष्कळ समारंभ पाहिले. इतका मोठा मान कोणाला मिळालेला पाहिला नाही.

टॅक्सीत तू खिडकीकडे बघत होतीस. हिंदमाता मागे पडलं. मग विचारलंस, "म्हणजे एलिझा नव्हतीच?"

"नव्हती."

"कधीच?"

"कधीच नाही, आक्का."

मी तुझ्याकडे बघू शकत नव्हतो. भावजी गेल्यावर तू जिचा पत्ता मागितलास ती बाई मी तुझ्यापासून आत्ता हिरावून घेतली होती. परळ आलं. आणि तुझे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेस. तू हसत होतीस, तोंडावर पदर धरून, पोरीसारखी.

"अरे, मग मी इतकी वर्षां भांडलंय कोणाशी? ती इतकी हुशार, ती इतकी हट्टी, तिच्या पुढे जायचा म्हणून मी बोटा फोडून घेतलंय... ती पण मीच! दोघी मीच!" टॅक्सीवाल्याने आरशातून बघितलं. तू त्यालाही सांगितलंस, "भैया, दोनो मैं ही थी!" तो म्हणाला, "बहोत अच्छा, माताजी." आणि तू आणखी हसलीस.

तुझ्या घराखाली टॅक्सी थांबली तेव्हा तू माझा हात हातात घेतलास. "मेलो तो नाना. परदेशी नाव होया होता त्याला. तू काय करतलंस बिचारो? नोकरी होती तुझी." आणि माझ्या हातावर थोपटलंस. तू माझी कीव केलीस, आक्का. आणि मी ती घेतली.

त्यानंतरचे तुझे शनिवार कोणी विसरणार नाही. बायका दादरहून तुझ्या चौदाव्या मजल्यावर यायच्या. तू मध्ये, त्या भोवती. तू त्यांना तुकडे मांडायला शिकवलंस, शिव्या शिकवल्यास, नावं ठेवायला शिकवलंस. एकीने घटस्फोटानंतर शिवलेल्या गोधडीचं नाव 'सुटले' ठेवलं, आणि तू तिला पोटाशी धरलंस. गोधडी म्हणजे गरिबी असं समजून जी गोष्ट मी लपवली, ती तुझ्या घरात राणीसारखी भिंतीवर लागली. लिफ्टमध्ये टॉवरमधले लोक विचारायचे, "वर काय कार्यक्रम आहे का?" तू म्हणायचीस, "होय. माझोच."

माझ्याशी मात्र तू एका मुद्द्यावर शेवटपर्यंत भांडलीस. एलिझाचे कोपरे सरळ कसे, हे आता तुला कळलं होतं.

"माझ्या रेषा सरळ कोणी केल्यो? तू?"

"ब्लॉक नीट यायला हवा ना, आक्का."

"माझे वाकडे होते ते काय वाईट होते?"

"वाईट नव्हते. छापायला..."

"तुका काय कळता त्यातला? वाकडी रेघ म्हणजे हात होतो तिथे."

हे भांडण मिटलं नाही. पण पुस्तिकेसाठी मी सगळे नमुने नव्याने काढलेत. पट्टी घेतली नाही. माझा हात आता कापतो, त्यामुळे रेषा आपोआप तुझ्या वळणावर जातात. नावंही तुझीच छापतोय. 'चाळीचा जिना', 'नळावरची रांग', 'वाळत घातलेले कपडे'. कव्हरवर मोठ्या अक्षरांत शेवंती घाडी. रेवतीने मला विचारलं, "आकृत्या कोणाच्या, तुमचं नाव कुठे घालू?" मी म्हटलं, कुठेही घालू नकोस. आजवर मासिकं चाळणाऱ्या बायकांना जे खोटं नाव दिसलं, त्याच्या जागी आता तुझं दिसेल. कोणी कुठल्या गावात ही पुस्तिका उघडून गोधडी शिवायला बसेल, आणि तिला तू भेटशील. तू जिंकलीस, आक्का. अगदी पुरतं जिंकलीस. मी ते डोळ्यांनी पाहिलं.

शेवटच्या आठवड्यात परळच्या हॉस्पिटलात मी तुझ्या उशाशी बसायचो. नाकाला नळी, तरी बोलायची थांबली नाहीस. एकदा म्हणालीस, "तुका काय सांगूचा आसा? मघापासून तोंड उघडतंस आणि मिटतंस. बांगड्या माशासारखो."

मी म्हणालो, "काही नाही. चहा सांगू?"

"हय माका चहा देतत?" तू म्हणालीस आणि डोळे मिटून हसलीस. मी तुझ्या पायांवरची चादर सारखी केली. उद्या सांगू, म्हटलं. दुसऱ्या दिवशी तू झोपेतच होतीस. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. मी खुर्ची जवळ ओढली, तुझ्या कानाशी वाकलो, आणि नर्स आली म्हणून सरळ झालो. नर्स गेल्यावर पुन्हा वाकलो नाही. तू गेलीस तेव्हाही तुझ्या लेखी गुन्हेगार नानाच होता. त्या भल्या माणसाने तर तुझं नाव मागितलं होतं. फोटो मागितला होता. माझ्याकडून तुला काही यायचं होतं ते एवढंच, आणि तुझ्या उशाशी बसून मला ते बोलता आलं नाही.

आक्का, नाना नव्हता. मी होतो. मला तुझी लाज वाटली होती. मला माफ कर.